परळची चिठ्ठीवाली लॅब

बातमी छापली की संपते. किस्सा छापायचा राहून जातो, आणि राहून गेला म्हणूनच टिकतो. उभी हयात रिपोर्टिंगमध्ये घालवल्यावर माझ्याकडे असे किती साठलेत विचारू नका. मंत्र्यांचे आहेत, युनियनवाल्यांचे आहेत. गिरणीमालकांचे तर सांगायला बसलो की माझंच बीपी वाढतं! पण हल्ली चार मित्र जमले की ते मला परळच्या एका लॅबचेच किस्से सांगायला लावतात. कारण त्या लॅबमुळे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले. त्याचा मला अजून राग आहे.

*

गिरणी कामगारांच्या घरांसाठी मोर्चे निघत होते, तेव्हाची गोष्ट. संपाच्या काळात मी सगळं गिरणगाव पायी तुडवलं होतं. नंतर बंद गेटांसमोर बसलेल्या माणसांवर लिहून लिहून जीव विटला होता. अशात संपादक म्हणाले, "परब, परळला मधुमेहावर काम करणारी एक सरकारी लॅब आहे. जरा बघून ये."

मी गेलो तो भांडायलाच.

लॅबच्या प्रमुख डॉ. सावंत. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी मला आधी उंदरांची खोली दाखवली. आत मस्त गारवा! माझं डोकं फिरलं.

"इथं समोरच्या चाळीत गिरणी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत उकडून निघतोय, आणि तुम्ही उंदरांना एसीत ठेवता?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझे वडील साचेवाले होते. समोरच्याच गिरणीत मागावर उभे राहायचे. तेही उकडून निघत होते. बोला, त्यांच्यासाठी उंदरांचा एसी बंद करू का?"



*

"मला शास्त्र कळत नाही. गिरणीच्या भाषेत सांगा," मी म्हटलं.

बाई खुशीत आल्या. "पेशी म्हणजे गिरणी समजा. आत हजारो प्रथिनं कामाला. त्यातलं एक चिमुकलं प्रथिन असं आहे, की ते दुसऱ्या प्रथिनांना नुसतं चिकटतं. चिठ्ठीसारखं. अशा चिठ्ठ्यांची माळ एका पद्धतीनं लागली, की त्या प्रथिनाची रवानगी थेट भंगारात. दुसऱ्या पद्धतीनं लागली तर अर्थ वेगळा. इथं जमा व्हा, काम आहे."

"म्हणजे गेटवरची नोटीस!"

"अगदी. आता, अंगात दाह पेटवणारा एक पुढारी असतो. एरवी एका प्रथिनानं त्याला धरून ठेवलेलं असतं. त्या धरून ठेवणाऱ्याला चिठ्ठ्या लागल्या, की तो भंगारात आणि पुढारी मोकळा."

"मग घोषणा सुरू!"

"हो. जखम झाली, जंतू शिरले, तर घोषणा व्हायलाच हव्यात. पण पोटाची चरबी वाढली, की जंतू नसतानाही त्या थांबत नाहीत. त्या गोंधळात आणखी एका प्रथिनाला चिठ्ठ्या लागतात. इन्सुलिनचा निरोप दारावरून आत नेणारं ते प्रथिन. ते भंगारात गेलं, की इन्सुलिन गेटवर उभं, साखर गेटबाहेर उभी, आणि आत पेशी उपाशी."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे साखर निर्दोष आहे! सगळं मॅनेजमेंटचं कारस्थान!"

"परबसाहेब, कृपा करून हे छापू नका."

दुसऱ्या दिवशी हेडिंग तेच होतं.

सकाळी सकाळी बाईंचा फोन. मी बाह्या सरसावूनच रिसीव्हर उचलला.

"माझी आई इतकी वर्षं विचारत होती, तू नक्की करतेस तरी काय," बाई म्हणाल्या. "आज तिनं पेपर वाचला. आता विचारतेय, तो मॅनेजर सापडला का?"

*

लॅबमध्ये पीएचडी करणारी एक मुलगी होती, दीपा तांडेल. माहीमच्या कोळीवाड्यातली. आवाज असा, की तिनं हाक मारली की काचेच्या नळ्या किणकिणाव्यात.

मी दुसऱ्या लेखासाठी गेलो होतो. मला स्वतःला साखरेचा त्रास जुनाच. उजव्या अंगठ्याला, चपलेच्या पट्ट्याखाली, एक जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. दुखत नव्हती, म्हणून मीही तिचं नाव काढत नव्हतो.

बोलता बोलता दीपा थांबली. "काका, पाय दाखवा."

"का?"

"वास येतोय."

"तुमच्या लॅबचा असेल."

"काका, माझी आई बाजारात मासे विकते. नासायला लागलेला माल मला डोळे मिटून कळतो."

"मी काय मासा आहे?"

"मासा असतात तर केव्हाच फेकून दिला असता!"

हे ऐकून बाई उठल्या, माझ्या पायाकडे एकदा बघितलं, आणि दंडाला धरून मला रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. मी वाटभर प्रेस फ्रीडमवर बोलत होतो.

सर्जननं अंगठ्याला टाचणी टोचली. "काही कळतंय?"

"नाही."

"म्हणूनच दुखत नाही. रोज ड्रेसिंग करायचं, साखर खाली आणायची. महिन्यानं बघू. भरायला लागलेली नसेल तर अंगठा काढावा लागेल. आणि तेव्हा घरी लपून बसलात, तर पुढे पाय."

ज्यानं एकही मोर्चा गाडीत बसून कव्हर केला नाही, त्याचा पाय! मी म्हटलं, "डॉक्टर, त्यापेक्षा डोकं काढा. मी ते वापरत नाही असं आमचे संपादक म्हणतातच."

"तो विभाग दुसऱ्या मजल्यावर," सर्जन म्हणाले.

*

तेव्हापासून ठरून गेलं. सकाळी हॉस्पिटलात ड्रेसिंग, मग रस्ता ओलांडून लॅबमध्ये हजेरी. बाई स्वतः बँडेज बघायच्या, तेव्हा सुटका. चहा बिनसाखरेचा. तक्रार करायची सोय नाही, कारण ऐकणारे सगळे साखरेवरच पीएचडी करत होते!

चिठ्ठ्यांवर काम करून करून त्या लॅबला चिठ्ठ्यांचंच वेड लागलं होतं. फ्रिजमधल्या बाटलीला एक लाल पट्टी असली, तर कुणी हात लावायचा नाही. चार लाल पट्ट्या एकाखाली एक असल्या, तर शनिवारी ती वस्तू बाद. मग कुणी कुणाला विचारत नसे. पट्ट्या दिसल्या, उचललं, गेलं. एकदा एका विद्यार्थ्याच्या वाढदिवसाचा केक लाल फितींच्या खोक्यातून आला. वार नेमका शनिवार. बिचाऱ्याला मेणबत्त्या तेवढ्या मिळाल्या!

तर एका शनिवारी मी बाहेर आलो आणि बघतो तो माझ्या चपला नाहीत. लॅबमध्ये जाताना चपला दाराबाहेर काढून आतल्या सपाता घालाव्या लागत. खास कोल्हापुरी, करकर वाजणाऱ्या. त्या अंगठ्याची वाट लावणाऱ्याही त्याच, पण मी काही त्या सोडायला तयार नव्हतो.

"माझ्या चपला कुठायत?" मी ओरडलो.

सफाईचं काम बघणारे मोरेमामा म्हणाले, "चार पट्ट्या होत्या, साहेब."

"मग?"

"मग काय? कुकरला लावल्या."

त्या लॅबमधला कचरा बाहेर टाकण्याआधी एका मोठ्या कुकरमध्ये वाफवतात, जंतू मरावेत म्हणून. माझ्या कोल्हापुरी वाफवल्या जात होत्या! शिटी होईपर्यंत मी आरडाओरडा केला. "ही चोरी आहे! पट्ट्या कुणी लावल्या? मी पोलिसात जातो!"

"मी लावल्या," दीपा म्हणाली. "जा पोलिसात. पण अनवाणी जाऊ नका, काच लागेल."

आणि तिनं खोकं पुढे केलं. मधुमेहवाल्यांसाठी असतात तसल्या मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला. सगळ्या लॅबनं मिळून आणलेल्या.

"हे घालून मी मंत्र्याच्या प्रेस कॉन्फरन्सला जाऊ? म्हातारा दिसेन!"

"काका, त्याचा दोष चपलेला देऊ नका!"

*

गुरुवारी लॅबमध्ये सगळे मिळून कुणाचा तरी नवा शोधनिबंध वाचायचे. मी मागच्या बाकावर बसून प्रश्न विचारायचो. हाकलून द्यायचे नाहीत, हेच उपकार.

एकदा मी विचारलं, "तुमच्या या पेशीत विरोधी पक्ष नाही का? लावली चिठ्ठी की गेला माणूस! अपील नाही, काही नाही?"

"आहे ना," दीपा म्हणाली. "चिठ्ठ्या काढणारी एन्झाइम पण असतात. भंगारात जायच्या आत ती माळ सोडवली, तर प्रथिन वाचतं. दाह शांत करायलाही त्यांतली काही लागतात."

"म्हणजे कामावर परत घेणारे!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीतून त्यांच्या वडिलांच्या गिरणीची चिमणी दिसते. तिच्या शेजारी आता काचेचा टॉवर उभा आहे.

"बाबांच्या गिरणीत ते एन्झाइम नव्हतं," त्या म्हणाल्या.

 मग त्या माझ्याकडे वळल्या. "संप संपला आणि बाबांना गेटच्या आत घेतलं नाही. साखर होती, औषध थांबवलं. पायाला जखम झाली, ती पंच्याखाली झाकून बसायचे. मी बारावीला होते, मला कळलं नाही. नंतर गुडघ्याखाली पाय काढला." बाईंनी चष्मा पुसला. "परबसाहेब, तुम्ही रोज इथं येताना भुणभुण करता ना? करा. पण या."

 

*

आणि आता तो शेवटचा किस्सा. 

महिना भरला. निकालाचा दिवस. सर्जननं बँडेज सोडलं, अंगठा दाबला, उलटसुलट केला, उजेडात धरला.  बातमीसाठी मी भल्याभल्या साहेबांच्या दाराबाहेर तिष्ठलोय, पण असा कधी नाही.

"भरलीय जखम. जा घरी," ते म्हणाले.

"म्हणजे काय? लेखी द्या!"

"काय लेखी देऊ?"

"की अंगठा माझ्याकडेच राहणार!"

ते हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी घरी गेलो नाही. रस्ता ओलांडून सरळ लॅबमध्ये. तिथं कुणीच नाही! मोरेमामा म्हणाले, "खाली हॉलमध्ये आहेत सगळे. मोठे पाहुणे आलेत. बाईंच्या ग्रँटचं आहे, साहेब. आत जाऊ नका."

मला आत जाऊ नका म्हटलं की मी काय करतो, ते मंत्रालयात विचारा.

हॉल भरलेला. स्टेजवर बाई, मागे पडद्यावर चिठ्ठ्यांच्या माळा. पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक. बाईंची ग्रँट पुढे चालवायची की नाही, हे त्यांच्या हातात. मी मागच्या दारात उभा राहिलो, नुसता.

बाईंनी मला पाहिलं. वाक्य अर्धवट सोडलं. "एक मिनिट," माइकमध्ये म्हणाल्या आणि स्टेजवरून खाली उतरल्या. मधल्या वाटेनं चालत माझ्यापर्यंत आल्या, आणि भर हॉलमध्ये खाली बसल्या. माझ्या पायातली चप्पल काढली, मोजा काढला. अंगठा हातात धरून बघितला. या बाजूनं, त्या बाजूनं. सगळा हॉल मान वळवून आमच्याकडे बघत होता. मी, ज्याला जन्मात कधी लाजल्याचं आठवत नाही, भिंतीकडे बघत होतो.

"मॅडम, थांबा ना, मला पण बघू दे!" कॉम्प्युटरपाशी बसलेली दीपा ओरडली.

बाईंनी मोजा परत घातला. चप्पल घातली, मागचा पट्टा नीट लावला. उठून स्टेजवर गेल्या आणि माइक ओढला.

"सॉरी. एक रिझल्ट बघायचा राहिला होता."

पुण्याच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती जणांवरचा?"

"एकाच."

"एकावरून काही सिद्ध होत नाही, डॉक्टर सावंत."

"नको होऊ दे, सर," बाई म्हणाल्या. "दीपा, पुढची स्लाइड."