मिटलं म्हणजे मिटलं

आमचे हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, तालमीच्या पायरीवर वाढलेले. पेठेतली निम्मी भांडणं त्या पायरीवर मिटायची आणि मिटवायची रीत ठरलेली होती. एक कप चहा मागवायचा, त्यातला अर्धा बशीत ओतायचा, एकानं कप उचलायचा, दुसऱ्यानं बशी. मग मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "मिटलं." त्यानंतर जो कुणी तो विषय काढेल, चूक त्याची. नवी नवरी होते तेव्हा मला या बशीचं भारी हसू यायचं. पुढं ते हसू पार आटलं.

आम्ही राजारामपुरीत मागच्या गल्लीला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. हे शिरोलीला फाउंड्रीत कामाला. मी क्लाससाठी आलेल्या पोरांना डबे करून द्यायची. घरमालकांची परवानगी घेऊन, पण माझ्या पैशानं, मी स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला होता. गवंड्याला दोनदा उखडायला लावून माझ्या उंचीचा करून घेतला. आयुष्यात माझ्या मापाची झालेली ती एकच गोष्ट, असं मी सगळ्यांना सांगायची.

मोबाईल ज्याच्या त्याच्या हातात दिसायला लागले, त्याच सुमाराला क्रेडिट कार्डं आली. फाउंड्रीच्या गेटासमोर टाय लावलेली पोरं टेबल मांडून बसायची. ह्यांनी तीन कार्डं घेतली, तीन वेगवेगळ्या बँकांची. त्यातलं एक ज्या बँकेत पगार जमा व्हायचा तिचं. बरीच वर्षं ती नुसती पाकिटात होती. मग सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं आणि तिन्ही कार्डं दवाखान्याच्या काउंटरवर झिजली. सासूबाई गेल्या, व्याज राहिलं. त्यातच मंदी आली आणि फाउंड्रीनं शिफ्टा कमी केल्या.

ह्यांनी मनाशी हिशेब केला. पगाराच्या बँकेचं कार्ड वेळच्या वेळी भरायचं, उरलेल्या दोनांचं भरणं थांबवायचं.

"त्या बँकेला ह्या बँकेचं कळलं म्हणजे?" मी विचारलं.

"एका दुकानाची उधारी दुसऱ्या दुकानदाराला कोण सांगतंय? उलट गिऱ्हाईक फुटून आपल्याकडं आलं म्हणून त्यो खूशच हुतोय की."

मलाही ते पटलं. आमच्या गल्लीत तसंच चालायचं.

पुढं एकदा माझा मिक्सर जळाला. नवा घ्यायला गेलो तर दुकानदारानं कार्ड दोनदा घासलं आणि हळूच परत दिलं. हे तेच कार्ड, ज्याचा एक पैसा आम्ही थकवला नव्हता. बँकेनं त्याची मर्यादा एकदम तळाला नेऊन ठेवली होती. ह्यांनी बँकेत जाऊन आवाज चढवला, "मी तुमचं काय बुडवलंय?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीममधून आलंय." ही सिस्टीम कुठं बसते ते तिलाही माहीत नव्हतं. मी तो आठवडाभर पाट्यावर चटणी वाटली आणि त्या सिस्टीमला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग वसुलीचा माणूस यायला लागला. दारात मोटरसायकल उभी करायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. "लोकांचं पैसं खाऊन डबं इकताय व्हय?" एकदा तर तो असं डबे न्यायला आलेल्या पोरांसमोर बोलला. लाजेनं मला भाकरी थापता येईना. रात्री हे भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि मला वाटायचं, हा माणूस काहीतरी करून घेईल. मी ती भीती कुणाला सांगितली नाही.

शेवटी त्या वसुलीवाल्यानंच तोड काढली. "निम्म्यात मिटवूया, सेटलमेंट करा." ह्यांनी मोटरसायकल विकली आणि दोन्ही बँकांचं मिटवलं. त्या दिवशी त्याला घरात बसवलं. मी चहा ठेवला. ह्यांनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी त्याच्यापुढं सरकवली.

"मिटलं न्हवं, पावणं?"

"मिटलं की! आता कोण तुमच्या दारात येत न्हाय."

आणि खरंच कोणी आलं नाही. बँकांची पत्रं आली, त्यात 'सेटल्ड' असं छापलेलं होतं. ह्यांनी ती लॅमिनेट करून सासूबाईंच्या फोटोमागं ठेवली. कितीतरी महिन्यांनी ते पाठीवर झोपले आणि घोरले. त्या घोरण्याचा मला केवढा आनंद झाला.

मग मालकांनी खोल्या विकायला काढल्या. ते मुलाकडं पुण्याला निघाले होते. भला माणूस. म्हणाले, "पयला हक्क तुमचा. दसऱ्यापर्यंत थांबतो, तवर कर्जाचं बघा." किंमतही त्यांनी रास्त सांगितली. फाउंड्री पुन्हा रुळावर आली होती, माझे डबे वाढले होते. हप्ता झेपणार होता. मी ओट्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, आता तू माझाच.

पगाराच्या बँकेच्या साहेबांसमोर ह्यांनी बाकीच्या कागदांवर ती लॅमिनेट केलेली पत्रं ठेवली, हुकमाचं पान टाकावं तशी. साहेबांनी पत्रं पाहिली, कॉम्प्युटर पाहिला.

"ही तुम्ही दाखवली नसती तरी मला इथं दिसलंच असतं. सगळ्या बँका एकाच ठिकाणी माहिती देतात. सेटल्ड म्हणजे फिटलं नाही. सेटल्ड म्हणजे ह्या माणसानं पूर्ण दिलं नाही, बँकेनं नाद सोडला."

"पण साहेब, मिटलंय की ते!"

"त्यांच्यापुरतं मिटलं. आमच्याकडं हा शेरा असताना कर्ज मंजूर होत नाही."

मला साहेबांचा राग आला, त्या टायवाल्या पोरांचा आला, आणि चहा पिऊन गेलेल्या त्या माणसाचा सगळ्यात जास्त आला.

उरलेलं निम्मं भरलं तर शेरा बदलू शकेल, असं साहेब म्हणाले. मग आम्ही पैसे देण्यासाठी पळायला लागलो. मी पाटल्या मोडल्या. एका बँकेनं कोल्हापूरचं कार्ड ऑफिसच बंद केलं होतं. दुसरीच्या फोनवर एक बाई गोड आवाजात सांगायची, "आपलं खातं सेटल झालेलं आहे, आपल्याकडं काहीही बाकी नाही." हे फोनवर गयावया करायचे, "अवो ताई, बाकी हाय की! घ्या की पैसं!" बुडवलं म्हणून दारात बोंब मारणारे होते, फेडतो म्हटल्यावर घ्यायला कोणी नव्हतं. बाकीच्या बँकांत गेलो. सगळीकडं तोच कॉम्प्युटर आणि तेच उत्तर. दसरा गेला. मालक दिवाळीपर्यंत थांबले. त्यापुढं त्यांनाही थांबता येईना.

खोल्या एका दातांच्या डॉक्टरनं दवाखान्यासाठी घेतल्या. मालक स्वतः सांगायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले, डोळ्यात पाणी होतं.

"माझा इलाज न्हाय. मनात काय ठिवू नका. वैनी, एक कप चहा टाका."

मी ओट्यापाशी उभी राहून चहा केला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. मालक पेठेचे नव्हते, पण इतक्या वर्षांत आमची रीत त्यांना ठाऊक झाली होती. त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी ह्यांच्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "मिटलं म्हणू या."

मालकांची काही चूक नव्हती. हे मला कळत होतं, ह्यांनाही कळत होतं. पण ह्यांनी बशीला हात लावला नाही. जन्मात पहिल्यांदा. चहावर साय धरली, मालक कप हातात धरून वाट बघत बसले, शेवटी न पिताच उठून गेले. मी तो चहा मोरीत ओतला, कपबशी विसळली आणि सवयीनं ओट्यावर पालथी घातली. मग आठवलं, आणि ती उचलून रिकाम्या खोक्यात भरली.