दारावरचं नाव

इंदूअक्का कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत. मान जराशी कलती करून आवाज ऐकत आणि मगच चहाच्या कपाला हात लावत. बारशाचं घर असो की दुःखाचं, त्यात फरक पडत नसे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला आष्ट्यात गेल्या होत्या. पोह्यांच्या बश्या पुढ्यात आल्या, मुलगी खाली मान घालून बसली, आणि अक्का उठून मागच्या भिंतीपाशी गेल्या. "पावनं, ही भित्त आतनं भिजलीया. लग्नाचं मागनं बगू, आदी हिचं बगा," असं त्यांनी मुलीच्या वडिलांना सांगितलं. सोयरीक जुळली. पण त्या घरची माणसं पुढे अक्का येणार म्हटलं की धास्तीनं भिंतीच न्याहाळायची.

अक्का काही बांधकामातल्या नव्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. नवरा सुभेदार होऊन घरी आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मुलगा फौजेतच, कायम कुठल्या तरी सीमेवर. आष्ट्याहून नदीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात पाटलांच्या घरातल्या त्या थोरल्या सून. ऊस होता, पेन्शन होती, भावकीत शब्दाला वजन होतं. निवृत्तीनंतर निवांत राहता आलं असतं. पण मोठा पूर आला, नदी गावात शिरली ती लवकर बाहेर पडेना, आणि पाणी ओसरल्यावर दिसलं की खालच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीतली मातीची घरं एकामागून एक बसली होती. त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं त्या घरांतून यायची.

माझी त्यांची गाठ तेव्हा पडली. मी उंब्रजकडचा, स्थापत्याचा डिप्लोमा करून आष्ट्यातल्या एका ठेकेदाराकडे देखरेखीचं काम करत होतो. अक्का तिथे आल्या आणि म्हणाल्या, उभ्या राहिलेल्या भिंतींपैकी कुठली ठेवायची आणि कुठली पाडायची हे सांगणारा एक माणूस द्या. ठेकेदारानं मला एका दिवसासाठी पाठवलं. वाटेत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. वस्तीत तुजं ऐकतील. पाटलाची बाई म्हनून माजं जरा संशयानंच ऐकत्यात, आनि त्येंचं काय चुकत न्हाई." असं इतक्या सरळ बोललेलं मी त्या भागात कुणाकडून ऐकलं नव्हतं. एका दिवसासाठी गेलेला मी त्यांच्या कामात पुढे कितीतरी वर्षं राहिलो.

काम वाढत गेलं. जुने विद्यार्थी, नवऱ्याच्या पलटणीतले निवृत्त जवान, सांगलीतल्या काही शिक्षिका, असा एक गोतावळा अक्कांनी उभा केला. कुणी वीट देई, कुणी सिमेंट, कुणी नुसते हात. भावकी कुरकुरत होती. वस्तीत जेवतात, आपल्या शेतातला मुरूम तिकडं टाकतात, असं बोललं जाई. अक्का म्हणायच्या, "बोलूंदे. बोलून दमली की वाळू चाळायला येतील." आणि खरंच, त्यातले दोघे-तिघे पुढे आलेही. गवंड्याला त्या एकच ताकीद देत: "आपुन भीक घालाय आलो न्हाई. वरनं बोलायचं न्हाई, आनि त्येंचं घर हाय तर त्येंच्या मनाजोगतं हुंदे."

वस्ती पुन्हा पाण्याखाली जाऊ नये म्हणून शेवटची पाच घरं माळावर, उंचावर बांधायचं ठरलं. जागा मिळाली, पाया भरून झाला, आणि मदतीचा ओघ आटला. तोवर ती पाच कुटुंबं पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्यांतलं एक हौसाबाईचं. हौसाबाई ऊसतोडीपासून शाळेतल्या खिचडीपर्यंत मिळेल ते काम करायची. नवरा नामदेव साखर कारखान्यात रोजंदारीवर होता आणि त्याला जुना दमा होता.

अशा वेळी एक दाता सापडला. मूळचा आपल्याच भागातला, पुण्यात स्वतःचा कारखाना काढलेला माणूस. पाचही घरं मी पुरी करतो म्हणाला. त्याची अट एकच होती. प्रत्येक दारावर संगमरवरी पाटी लावायची, तिच्यावर त्याच्या आईचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ दान' असे शब्द.

बैठक अक्कांच्या घरी, पुढच्या सोप्यात झाली. मी तिथेच होतो. अक्कांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या दारावर आता दान म्हणून कोरायचं, आणि त्यांच्या पोरांनी रोज त्याखालनं शाळेत जायचं, असं त्या म्हणाल्या. मग शांतपणे त्यांनी विचारलं, "आईचं नाव काळजात ठेवावं. लोकांच्या दारावर कशाला?" तो माणूस उठला, नमस्कार केला आणि निघून गेला. मला त्या दिवशी अक्कांचा अभिमान वाटला. वस्तीतली तरणी पोरंही खूश झाली. पाटलाच्या घरात बसून आपल्या मानासाठी कुणी दान परत पाठवतं, ही गोष्ट आठवडाभर तालुक्यात फिरत होती.

दुसरी मदत मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती मिळाली नाही. उन्हाळा गेला. आषाढात झड लागली ती सुटेना. पूर आला नाही, नुसता पाऊस, पण शेडमध्ये खालून ओल चढायची आणि वरून पत्रा गळायचा. पांघरुणं वाळत नव्हती. नामदेवचा दमा उसळला. त्याला सांगलीला नेलं, बरं वाटलं म्हणून परत आणलं, पुन्हा नेलं. श्रावण लागता लागता तो गेला. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच खराब होती, कोरड्या घरातही फार दिवस काढले असते असं सांगता येत नाही. अक्कांनी ते ऐकून घेतलं, पण त्याचा आधार घेतला नाही.

माती झाल्यावर दोन-चार दिवसांनी त्या शेडवर गेल्या. मला सोबत घेतलं. हौसाबाई पत्र्याला टेकून बसली होती. तिनं अक्कांना बसायला पोतं सरकवलं. मग हौसाबाईनं जमिनीकडे बघत विचारलं, "अक्का, त्यो पुन्याचा मानूस पाटी लावायची म्हनत हुता, ते आमाला आदी का सांगितलं न्हाई?"

अक्का म्हणाल्या, "तुमच्या मानाचा सवाल हुता, हौसा."

"मान आमचाच हुता की. ठेवायचा का सोडायचा, आमी ठरवलं असतं."

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. तेवढं बोलून उठली आणि पावसात ठेवलेली घागर आत घेऊन आली. अक्का हात मांडीवर ठेवून तशाच बसल्या. परत येताना चिखलात त्यांची चप्पल रुतली, ती काढायलाही त्या थांबल्या नाहीत. मी ती हातात घेऊन मागून चालत राहिलो.

त्याच आठवड्यात आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. लोणंदचा फाटा मागे पडल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, "त्येनं दारातनं हाकललं तरी बसून ऱ्हायचं."

त्यानं हाकललं नाही. घरात बोलावलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. अक्कांनी घडलेलं सगळं सांगितलं आणि मी चुकले असं स्पष्ट म्हणाल्या. मग तो त्याच्या आईबद्दल बोलू लागला. ती दुसऱ्यांच्या गोठ्याच्या आडोशाला संसार करून मेली होती. स्वतःचं दार असं तिला आयुष्यात मिळालं नाही. तिचं नाव निदान कुणाच्या तरी दारावर असावं, एवढंच त्याच्या मनात होतं. 'दान' हा शब्द पाटी करणाऱ्या कारागिरानं सुचवला होता, तो काढून टाकायला त्याची काही हरकत नव्हती. बैठकीत विचारलं असतं तर त्यानं तेव्हाच सांगितलं असतं.

बाहेर पडल्यावर अक्का रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसल्या. "मानूस वाईट न्हवता, संजू," त्या म्हणाल्या. "मी त्येचंबी ऐकलं न्हाई, आनि हिचंबी इचारलं न्हाई. माज्याच आवाजाला भुलले."

पैसे त्यानं दिले, पाटीची अटही सोडली, आणि घरं दिवाळीनंतर पुरी झाली. या वेळी अक्का पाचही कुटुंबांकडे स्वतः गेल्या आणि पाटी हवी का ते विचारलं. एकानं साफ नको म्हटलं. एकानं घरात लावा म्हटलं. दोघांना चालणार होती. हौसाबाईकडे जायला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ लावला. ती म्हणाली, "लावा. ज्येच्यापायी एवढं थांबलं, ते दारावर दिसूंदे तरी." वस्तीतला एक पदवीधर पोरगा चिडला, आधी तुम्हीच नको म्हणाला होता ना, असं त्यानं अक्कांना सुनावलं. अक्कांनी मान हलवली आणि व्हय म्हणाल्या. समजावत बसल्या नाहीत.

हौसाबाई त्या घरात राहायला गेली. अक्कांशी मात्र ती पुन्हा मोकळेपणानं कधी बोलली नाही. भेटली की जय भीम करायची, विचारलं तेवढं सांगायची आणि आपल्या कामाला लागायची. अक्का दर पावसाळ्याच्या तोंडाला माळावर जायच्या, पाचही घरांची छपरं बघायच्या. हौसाबाईच्या घरी त्या बाहेरूनच बघून परत फिरत. तिच्या भिंतीवर टकटक करायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्यांचं काम सुटलं नाही, पण त्या बदलल्या. पाटणकडच्या डोंगरात दरडीखाली घरं गेली तेव्हा आम्ही तिकडे होतो. एका म्हाताऱ्या जोडप्यासाठी आम्ही दोन खोल्या आखल्या होत्या. म्हातारी म्हणाली, आधी म्हशीला गोठा बांधा, आम्ही दोघं तिच्याशेजारी निजू. आमच्यातले काही हसले. जुन्या अक्कांनी म्हातारीला चार गोष्टी सुनावून खोल्याच बांधल्या असत्या. या अक्कांनी गोठा आधी बांधला. मात्र असंही व्हायचं की एखादा साधा निर्णय त्या दिवसेंदिवस अडवून ठेवत, पुन्हा पुन्हा विचारत, आणि माणसं कंटाळून जात. काही जण याच कारणानं सोडून गेले. त्यांची धडाडी गेली ती गेलीच. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "मला कळतंय रं. पन हौसाचा आवाज येतो मदीच."

मग एका पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. अक्कांचं घर जुन्या गावठाणात, या वेळी पाणी त्यांच्याही सोप्याशी आलं. गुडघे धरलेले, जिना चढवत नव्हता, मुलगा दूर सीमेवर. मी आष्ट्यात अडकलो होतो, रस्त्यावर पाणी होतं. भावकीतले आपापली जनावरं काढण्यात गुंतले होते. हौसाबाई माळावरून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आली. दारात येऊन ती फक्त "चला" म्हणाली आणि अक्कांचं औषधांचं गाठोडं आपल्या काखेत मारलं.

पाणी उतरेपर्यंत अक्का तिच्या घरी राहिल्या. वाट मोकळी झाल्यावर मी गेलो, तेव्हा अक्का खाटेवर बसून लसूण सोलत होत्या आणि हौसाबाई परातीत पीठ मळत होती. दोघींची पाठ एकमेकींकडे होती. मी आलो म्हणून हौसाबाईनं आणखी एक भाकरी टाकली. जेवताना ती अक्कांच्या ताटात न विचारता दूध वाढत होती आणि अक्का त्यात भाकरी कुस्करून खात होत्या. भिंतीवर नामदेवचा फोटो होता, त्याला ताज्या फुलांचा हार होता. तो रोज हौसाबाई घालायची की अक्का, ते मी विचारलं नाही.

पुराच्या पाण्यात अक्कांच्या घराची एक बाजू बसली होती, ती आम्ही पुन्हा उभी केली, पण अक्का तिथे फार दिवस राहिल्या नाहीत. त्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेल्या. मुलगा पोचायच्या आत माती झाली. दहाव्याला हौसाबाई आली होती, बायकांत मागे बसली, आणि जेवण उरकल्यावर माळावरच्या बायकांबरोबर पायी परत गेली.

पाणी उतरल्यावर माळावरून मी त्यांना रिक्षानं घरी आणलं, त्या वाटेवरचं तेच आमचं शेवटचं निवांत बोलणं. मी विचारलं होतं, हौसाबाई काही बोलली का? अक्का रिक्षातून बाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंना उसाच्या फडांवर गाळ वाळत होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं मला माफ केलं न्हाई, संजू. पन दोन्ही वेळचं जेवान मात्र ताजं वाढलं."