नाकावरचा दुपट्टा

डॉक्टर मॅडमनी माझा दुपट्टा नाकाजवळ नेला आणि खुर्चीसकट मागे सरकल्या.

"हा तुम्ही तोंडाला बांधता?"

"हाव. सेफ्टी म्हणून," मी जरा ऐटीतच सांगितलं.

मॅडमनी दुपट्टा दोन बोटांत धरून खिडकीबाहेर टाकला, हात धुतले आणि म्हणाल्या, "मारोतीभाऊ, तुम्हाला सॉल्व्हंट टॉक्सिसिटी झाली आहे. म्हणजे थिनरची वाफ अंगात भिनली आहे. तुम्ही दारू प्यायलेले नाहीत. पण झिंगलेले आहात."

त्यातलं दारूचं वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, म्हणायला लावलं. कारण शेजारी माझी बायको सुमन बसली होती आणि तिच्या पायाशी भरलेली बॅग होती.

आलापल्लीत रशीदभाईंच्या फर्निचरच्या दुकानात मी पॉलिशचं काम करतो. सागवानाचे दिवाण, कपाटं, आरशाची टेबलं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मोहाची दारूही मी तितक्याच मन लावून पीत होतो. मग एक दिवस सुमननं शांतपणे सांगितलं, "आता एक थेंब जरी घेतला तं मी सिरोंच्याले माहेरी जाईन. परत येनार नाई." सुमन बोलते कमी आणि बोललेलं करते. त्या दिवसापासून मी बाटलीला हात लावला नाही.

यंदा लग्नसराईत काम अंगावर आलं. उन्हाळ्याचा वारा, रस्त्याची धूळ. पॉलिश ओलं असताना एक कण जरी बसला तरी गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतं. म्हणून मी मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, फटींत गोणपाट कोंबलं आणि पंखाही बंद केला. रशीदभाई एकदा डोकावून म्हणाले, "मारोतीभाऊ, दम नाई घुटत का?" मी म्हटलं, "दिवाण पाहा ना भाऊ, आरसा झाला हाय आरसा." ते दिवाण पाहून खूश होऊन गेले.

नाकाला दुपट्टा बांधायची अक्कल माझीच. थिनरनं हात धुवायचे आणि त्याच दुपट्ट्याला पुसायचे, ही सवयही माझीच. दोन्ही एकत्र केल्यावर काय होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. दहा-बारा दिवस मी थिनरची पट्टी नाकावर बांधून सेफ्टी पाळत होतो.

आधी डोकं दुखायला लागलं. ते उन्हावर ढकललं. मग भूक गेली. मग एका दुपारी टेबलाच्या आरशात स्वतःला पाहून इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. त्या संध्याकाळी सायकल हातात धरून चालत घरी आलो, कारण तिच्यावर बसलो की ती नाल्याकडे जात होती. घरात शिरताना दरवाजावर खांदा आपटला. मी दरवाजाला म्हणालो, "माफ करा."

अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. दरवर्षी पडतात, पण त्या संध्याकाळी ती माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला बसल्यासारखी वाटली. सुमन जवळ आली, तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला आणि काही न बोलता आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या, आईच्या आणि गावदेवाच्या शपथा घेतल्या. पण धड उभं राहता न येणाऱ्या माणसाच्या शपथेला कोण विचारतो? तिसऱ्या दिवशी खाटेखाली बॅग दिसली. भरलेली. आत काय आहे ते बघायची माझी हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी उकिडवा बसलो तो उठताच येईना. मांड्यांत जोरच नव्हता. मी फार घाबरलो. पाय गेले तर काय, याच्या आधी मनात आलं की सुमन गेली तर काय.

रशीदभाईंनी गाडी काढली आणि आम्हाला अहेरीच्या दवाखान्यात सोडलं. सुमननं बॅग सोबत घेतली. मी समजलो, मला इथं भरती करून ही परस्पर सिरोंच्याची बस धरणार. बाकावर शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला डुलताना पाहिलं आणि पदर नाकाला लावून विचारलं, "सकायीच घेतली का रे बाबू?" सुमननं ऐकलं आणि भिंतीकडे पाहत राहिली.

निदान झाल्यावर तपासण्या. रक्त, लघवी, ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. एलएफटी, म्हणजे लिव्हर कसं चाललंय ते. लिव्हर ठीक निघालं, याचं मॅडमपेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं. पण हायपोकॅलेमिया निघाला, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम कमी झालेलं. पायातली ताकद त्यामुळेच गेली होती. हृदयालाही त्याचा धोका असतो, म्हणून भरती, सलाईन आणि छातीला तारा.

मॅडमनी समजावलं ते, पॉलिशवाल्या भावांनो, तुम्हीही नीट ऐका. थिनर व्होलाटाइल असतं, म्हणजे डबा उघडला की हवेत उडतं. दिसत नाही म्हणून ते गेलं असं वाटतं. "बंद खोलीत जाणार कुठे? तुमच्या नाकात," मॅडम म्हणाल्या. साधं कापड धूळ अडवतं, वाफ अडवत नाही. हातमोजे न घालता थिनरनं हात धुतले तर कातडीतूनही ते आत जातं.

मी म्हटलं, "पण मॅडम, मी रोज संध्याकाळी गूळ खातो. गुळानं छाती साफ होते."

"गूळ पोटात जातो, मारोतीभाऊ. फुप्फुसात नाही. आणि त्या खोलीत बिडी ओढत होतात का?"

"नाई."

"मग तुमचं नशीब. ती वाफ ठिणगीनं पेट घेते. नाहीतर इथवर आला नसता."

मी हसणार होतो, पण त्या हसत नव्हत्या.

भरती व्हायचं ठरलं तशी सुमननं बॅग उघडली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती माझी लुंगी उशाशी ठेवत होती. मग माझा टॉवेल. माझी बनियन. जेवणाची थाळी, गिलास, चादर. बॅगेत तिचं एक लुगडं होतं, तेही राहण्यापुरतं. मी काही विचारलं नाही. छातीला तारा लावलेल्या माणसानं जास्त धाडस करू नये.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई केळी घेऊन आले. कानाला हात लावून म्हणाले, "गलती मेरी भी हाय. मी दिवाण पाह्यलं, तुमाले नाई पाह्यलं." खोलीतलं गोणपाट त्यांनी स्वतः ओढून काढलं होतं. आता पॉलिशचं काम मागच्या उघड्या शेडमध्ये चालतं. दोन्ही बाजूंना वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या असलेला मास्क आणला आहे, त्याला रेस्पिरेटर म्हणतात. थिनरचा डबा लगेच बंद होतो आणि भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बाहेर जातात. पॉलिशवर धूळ बसते. मग पुन्हा घासतो. गिऱ्हाईक कुरकुर करतं, करू दे.

पाचव्या दिवशी पाय माझं ऐकायला लागले आणि सुटी झाली. घरी येताना बसमध्ये मी धीर करून विचारलं, "तुले कसं कळलं, मी पिलो नाई म्हनून?"

सुमन खिडकीबाहेर सागाची झाडं बघत होती. म्हणाली, "पिऊन आले की तुमी दरवाज्याले शिव्या देत होते. या खेपेले माफी मांगली. तवाच समजलं, हा मानूस बिमार हाय."

"मंग बोलली काऊन नाई?"

"भेव वाटत होता," ती म्हणाली. "दारू असती तं भांडले असते. हे काय हाय, तेच समजत नव्हतं."

मला तिच्याकडे बघवेना. मी बॅग उचलून मांडीवर घेतली आणि आलापल्लीपर्यंत तशीच धरून बसलो.