मोहर्लीचं 'कायमचे बंद' भोजनालय

पोस्टकार्डावर मोजून चार ओळी होत्या. "साहेब, आमचं भोजनालय चालू आहे. मागच्या दोन खोल्याही चालू आहेत. तुमच्या कंप्युटरात कायमचे बंद दाखवते असे पुण्याच्या पावण्याने सांगितले. येऊन पाहून जा." खाली नाव सुमनबाई, गाव मोहर्ली.

मी नागपुरात एका वेबसाइटसाठी दुकानांचे, लॉजचे, खानावळींचे पत्ते सांभाळतो. ताडोबाला जायचंय, राहायचं कुठे, असं कोणी नेटवर शोधलं की आमची यादी पुढे येते. यादी ताजी ठेवायची आमची रीत सोपी आहे. सकाळी दहाच्या सुमाराला फोन लावायचा, लागोपाठ तीन दिवस. तिन्ही वेळा उचलला नाही की 'कायमचे बंद'वर टिचकी, आणि पुढचं नाव. सुमनबाईंच्या नावापुढची मागच्या एप्रिलमधली टिचकी कोणाची, म्हणून पाहिलं. माझीच होती. झालं!

साहेबांना पोस्टकार्ड दाखवलं, टिचकीचं बोललो नाही. ते म्हणाले, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बऱ्याच तक्रारी आहेत, तूच जाऊन ये, एकटा आहेस, घरी कोणी खोळंबत नाही. खरंच आहे म्हणा. आई गेल्यापासून माझ्या जाण्यायेण्याचं कोणाला काही पडलेलं नाही.

चंद्रपूरला एसटीने साडेतीन-चार तास लागतात. मार्चअखेरचं ऊन भद्रावतीपासूनच चटके देऊ लागलं. स्टँडजवळ बरी खोली मिळते, फक्त कूलर चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा आवाज करायचा, हवा नाही.

पहिली गाठ रफीकभाईंशी पडली. ते पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात आणि आम्ही त्यांना फ्रिज दुरुस्तीत घातलेलं. मी ओळख सांगताच त्यांनी तारेचं भेंडोळं खाली ठेवलं.

"अच्छा, तुमीच का ते! अरे भाऊ, बाया फोन करून राह्यल्या, बरफ काऊन जमत नाई म्हणून. मी का सांगू त्याइले?"

चूक तिथल्या तिथे वहीत दुरुस्त केली. त्यांनी चहा पाजला, वर बजावलं, "आता कूलरमंदी नका टाकजा!"

दुसऱ्या दिवशी मूलमार्गे गडचिरोली, तिथून चामोर्शी, पुढे मार्कंडा. देवळावरचं कोरीवकाम पाहायला निदान अर्धा दिवस काढा, मी तासाभरात उरकलं आणि पस्तावलो. पूजासाहित्याचं एक दुकान यादीत होतं, ते शोधत होतो. नारळवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "ते जत्रेपुरतंच रायते जी. जत्रा सरली, दुकान सरलं." मग वैनगंगेच्या वाळूत बसून डब्यातली पोळी खाल्ली. सभोवार माणूस नाही. समोर एवढी मोठी नदी, आणि 'अरे, बघ ना' म्हणायला शेजारी कोणी नाही. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी चंद्रपूरहून मोहर्लीची सकाळची बस धरली. गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी विचारून ठेवा. 'भोजनालय व निवास' अशी पाटी लगेच सापडली, दाराला मात्र कुलूप. गल्लीत एकूण एक दार बंद. मोबाइलला रेंजची एक काडी होती. दहा वाजले होते. मी नेहमीचा नंबर लावला, आणि कुलपाच्या आत फोन खणखणला. वाजून वाजून थांबला. मनात आलं, बंदच आहे की, माझी टिचकी बरोबर होती! काय हलका झालो म्हणून सांगू. आता त्याची लाज वाटते.

कडुनिंबाखाली एक आजोबा बाजेवर पडले होते. म्हणाले, "कोनाले फोन लावून राह्यले भाऊ? समदे मोहं वेचाले गेले. झुंजुरकाच जातेत. येतीन बारा-एकले."

मोहाची फुलं पहाटे गळतात आणि सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जातं. दरवर्षी, मार्च-एप्रिलमध्ये. माझे तिन्ही फोन असेच या कुलपाआड वाजले असणार.

साडेबाराला सुमनबाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर फुलांची जड टोपली, अंगाला गोडसर उग्र वास. ओळख सांगितली तर आधी पाणी दिलं, मग भाजी फोडणीला टाकली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली तो फोन, त्यावर क्रोशाचं झाकण.

भात, वरण, वांग्याची भाजी, ठेचा. चाळीस रुपयांत पोटभर. त्या सांगत होत्या, "मागचा उन्हाळा दोनी खोल्या रिकाम्या. मले वाटे, माह्या हातचं लोकाइले आवडेनासं झालं का? फोनपाशीच बसून राहो. हे साल बी तसंच गेलं, तं खोल्या मोडून पोरीकडे जा लागते."

मी म्हणालो, "बाई, ते बंद मी केलं. तीनदा फोन लावला होता. कोणी उचलला नाही."

त्यांनी वाढता हात थांबवला.

"तीनदाच?"

"तसा नियम आहे."

"बापा! चौथ्यांदा लावाले का हात मोडले होते?"

मी मान खाली घातली. मग ताटात भात पडला, न विचारता. "जेवा. उपाशी उठू नका."

रात्री त्यांच्याच मागच्या एका खोलीत राहिलो. गादी स्वच्छ, पाणी गार. झोपण्याआधी त्यांनी माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. म्हणाल्या, "सकाळी मी नसन. किल्ली आजोबापाशी द्या. अन् पोचल्यावर फोन करजा."

नागपूरला उतरून थेट ऑफिसात गेलो. मोबाइल पिशवीत, आवाज बंद. सुमनबाईंच्या नावापुढचं 'कायमचे बंद' काढलं, 'चालू' केलं आणि लिहिलं, 'मोहाच्या दिवसांत दुपारी दोननंतर फोन करावा.' साहेबांना टिचकीचंही सांगितलं. ते बोलायचं ते बोलले. नियम अजून तोच आहे, पण मी तिसऱ्या फोनवर थांबत नाही.

साडेचारला घरी आलो. खोली जशी सोडली तशीच, कपबशीसुद्धा तिथेच. प्रवास चांगला झाला हे सांगायचं कोणाला, असं म्हणत पिशवी उपसली. मोबाइलवर मोहर्लीचा नंबर होता. दोन वाजून दहा मिनिटांनी, तीनला, पावणेचारला. तीन फोन, एकही मी उचललेला नाही.

फोन करजा म्हणाल्या होत्या, आणि मी साफ विसरलो होतो. नंबर लावायला बोट उचललं, तेवढ्यात हातातच मोबाइल थरथरला.

"पोचले का जी?"

"हो बाई," म्हणालो, "पोचलो."