रुळांवरचे आतोबा

आमच्या आतोबांइतका सरळ माणूस अख्ख्या पनवेलात झाला नाही. हे मी कौतुकानं म्हणत नाही, दमून म्हणतोय. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुंबईत ट्राम चालवायचे आणि सुटी मिळाली की पनवेलला घरी यायचे. ट्रामला बाजूला होता येत नाही, समोरच्यानंच व्हायचं असतं. सगळा जन्म त्यात गेल्यामुळे आतोबांचं अंगच तसं बनलं होतं. बाजारातून ते मधोमध, नाकासमोर चालत. भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखून टोपल्या मागे ओढत, आणि मी मागून एकेकीची माफी मागत चालायचो.

ट्रामची घंटा ड्रायव्हरच्या पायाखाली असते, टाच मारली की वाजते. त्यामुळे कुणी आडवं आलं की आतोबा तोंडानं बोलत नसत, टाच आपटत. माझ्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकं लांबवली, तेव्हा मांडवात दोनदा टाच वाजली. भटजींना वाटलं खांब पडतोय, त्यांनी घाईघाईनं सगळं उरकून टाकलं. ट्रामचा इतिहास तर मला झोपेतही म्हणता आला असता. आधी घोडे ओढायचे, उन्हात त्या घोड्यांना टोप्या घालायचे, मग वीज आली, मग वर दुसरा मजला चढला. मी जांभई दिली की आतोबा पुन्हा घोड्यांपासून सुरू करीत, मधलं काही निसटलं असेल म्हणून.

मग रस्त्यांवर मोटारी वाढल्या आणि ट्रामच्या लाइनी एकेक करून बंद व्हायला लागल्या. बस चालवता येईल त्याला बसवर घेणार, बाकीच्यांनी घरी बसायचं, असं ठरलं. आतोबांना घरी बसायचं नव्हतं. ते पहिल्यांदाच माझ्यापुढे जरा खालच्या आवाजात बोलले, "तेवढं चाक फिरवायला शिकव मला."

माझ्या एका मित्राचा जुना ट्रक होता. भात कापून झाल्यावर कळंबोलीकडच्या एका मोकळ्या शेतात आम्ही तो नेला. आतोबांनी वेग छान धरला. ब्रेकही बरा लागत होता. पण समोर एक बैल बसला होता, आणि आतोबा चाकाला हातच लावीनात, नुसती टाच आपटत राहिले. बांधावरचा शेतकरी शांतपणे म्हणाला, "काका, पाय कशाला आपटताव? बैल हाय तो, त्याला घंटा कलत नाय. चाक फिरवा." शेवटी बैलच उठला आणि ट्रक बांधाला टेकून थांबला. मी चिडलो. आतोबा घाम पुसत म्हणाले, "अरे, वळायचं मी कसं ठरवणार? ते आजवर रुळांनीच ठरवलंय." असे किती रविवार गेले, आता आठवत नाही. मी मात्र पार थकलो. आतोबा मुंबईला बसची परीक्षा देऊन आले, तेव्हा पिशवी खाली ठेवून म्हणाले, "नाही जमलं."

तेव्हा आत्यानं हट्ट धरला. संसार झाला, मुलं मोठी झाली, पण ती त्यांच्या ट्राममध्ये कधी बसली नव्हती. घरचं माणूस गाडीत असलं की लक्ष उडतं, असं आतोबांचं म्हणणं. त्यांची लाइन बंद व्हायच्या थोडे दिवस आधी मी तिला घेऊन गेलो. ती त्यांच्या पाठीमागच्याच बाकावर बसली. आतोबांनी मान वळवली नाही. शेवटच्या थांब्यावर ट्राम फिरत नाही; ड्रायव्हर गाडी चालवायचा आपला दांडा काढून दुसऱ्या टोकाला जातो, की मागचं पुढचं होतं. आतोबा दांडा घेऊन तिच्याजवळून गेले, तेही न बघता. आत्या उठली, डगमगत पुढे गेली आणि पुन्हा त्यांच्यामागे जाऊन बसली. कंडक्टरनं घंटी दिली होती, तरी ती बसेपर्यंत गाडी हलली नाही.

ड्युटी संपवून आतोबाही आमच्याबरोबर निघाले; परतताना एस.टी.त ते पुढच्या बाकावर होते. आत्या मला म्हणाली, "चांगली चालवतात की रे." मला म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यांना हवी होती नोकरी, आणि मिळालं ते हे एवढं एक वाक्य, तेही माझ्याकडे तोंड करून सांगितलेलं. थोड्या वेळानं त्यांनी घसा खाकरला आणि पुढे बघतच त्या टोप्या घातलेल्या घोड्यांची गोष्ट तिला सांगायला घेतली. मी पनवेलपर्यंत जागा राहिलो.