आईच्या डोक्यातल्या पिशव्या

अकोल्यात आईला फिटचा झटका आला, म्हणून मी अमरावतीहून धावत गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण ती घेईना.

"डोक्यात जाऊन काय करते वं हे गोळी?"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला सांगितलं, मेंदूतल्या पेशी इवल्याशा पिशव्यांतून एकमेकींना निरोप धाडतात. पिशवी रिकामी झाली की पेशी ती आत ओढून पुन्हा भरते. निरोप बेसुमार सुटले की झटका येतो, आणि ही गोळी त्या पिशव्यांना आवरते.

"म्हंजे रिकामी पिशवी फेकत नाही?"

"नाही फेकत."

"मंग लय काटकसरी हाये माह्यं डोकं," ती खुशीत म्हणाली आणि तिनं गोळी गिळली.

झटका पुन्हा आला नाही. परवा ती शेजारणीला हेच समजावत होती, माझ्याहून सोपं करून.