काकूचं अनुमोदन

"तिच्यापुढं बोलायला हरकत नाही. इंग्रजी शाळेतली आहे, तिला आपल्यातलं काय कळतंय," पंचायतीचे सेक्रेटरी कोतवालाला म्हणाले.

मी पडवीच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. माझ्यासमोर माझ्याबद्दल कुणी असं बोललं की मी हातातल्या कामात आणखी खाली वाकत असे, आणि त्यामुळे लोकांचा समज पक्का होत असे.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी काकूकडे राहायला आले होते. वडिलांची बदली लांब झाली होती आणि तिकडे घर मिळेपर्यंत मी इथेच राहायचं ठरलं होतं. काकूचं गाव आळंदीहून चाकणकडे जाणाऱ्या वाटेवर, इंद्रायणीपासून थोडं आत. पुण्याच्या मिशन शाळेत मराठीचा एकच तास असायचा. मला वाचता यायचं, पण सावकाश, आणि बोलताना वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं. विहिरीवर मी घागर घेऊन गेले की बायका म्हणत, "सरका गं, मडम आल्या." त्या वाईट अर्थाने म्हणत नसत. तरी मी शक्यतो दुपारी, विहीर मोकळी असताना जायची.

सेक्रेटरी आले होते ते काकूचा अंगठा घ्यायला. कायद्याने पंचायतीत बाईमाणूस लागतं म्हणून गावाने काकूला घेतलं होतं. काका वारलेले, घर इभ्रतीचं आणि काकू तोंड न उघडणारी, त्यामुळे कुणाचीच ना नव्हती. सरपंच नात्याने तिचे चुलत दीर. बैठकीला ती कधीच जात नसे, तिला कुणी बोलावतही नसे. बैठक झाली की दोन दिवसांनी सेक्रेटरी ठरावाचं बुक घेऊन घरी येत, काकू अंगठा देई, चहा होई आणि ते जात. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. काकूला तर तो मानच वाटे. अंगठ्याआधी ती हात धुऊन पदर सारखा करून येई, देवाला नैवेद्य दाखवायला यावं तशी.

त्या दिवशी ती परसात सारवत होती. हात धुऊन आली, पाटासमोर बसली. पहिला अंगठा नीट उठला नाही.

"रेषाच झिजल्यात हो तुमच्या, बाई," सेक्रेटरी म्हणाले.

"जात्याला इचारा कुटं गेल्या त्या," काकू म्हणाली आणि तिने पुन्हा अंगठा शाईवर दाबला.

मी चहा घेऊन गेले ते तेवढ्यात. कपबश्या ठेवायला वाकले तेव्हा बुक माझ्याकडे सुलट होतं. अक्षर मोठं आणि गोल होतं. मी वाचलं.

गावतळ्यातली माती एक वर्ष वीटभट्टीच्या ठेकेदाराला द्यावी. इतर कुणी तळ्यात खणू नये. सरपंचांनी सूचना मांडली. तिला काकूने अनुमोदन दिलं, असं तिच्या पूर्ण नावानिशी लिहिलं होतं. सर्वानुमते मंजूर. वर बैठकीचा वार होता, मंगळवार.

मंगळवारी काकू माझ्या शेजारी मोशीला लग्नाच्या पंगतीत जेवत होती.

आणि सोमवारी, आदल्याच दिवशी, कुंभारीण याच पडवीच्या पायरीवर बसून गेली होती. तळ्याचं पाणी हटलं की कुंभार वर्षाची माती काढून ठेवत. पुढच्या आठवड्यात खणायला लागू, म्हणजे अक्षय तृतीयेची केळी वेळेवर भाजून होतील, असं ती सांगत होती. पितरांच्या पूजेला घरोघरी ती मातीची लहान मडकी लागायची. काकूने आपली चार सांगूनही ठेवली होती.

मी दुसरी बशी ठेवली. काकूचा अंगठा या वेळी स्वच्छ उठला. सेक्रेटरींनी त्यावर टीपकागद दाबला आणि बुक मिटलं. एवढा सगळा वेळ माझ्या हातात होता. मी काही बोलले नाही. मी स्वतःला सांगितलं की माझं मराठी कच्चं आहे, मी चुकीचं वाचलं असेल. मग सांगितलं की मी इथली पाहुणी, सरपंच घरचेच, मी मध्ये कशाला पडू. पहिलं खोटं होतं. अक्षर इतकं मोठं होतं की चुकायला जागा नव्हती.

काकूने राखेने अंगठ्याची शाई घासून काढली आणि पुन्हा सारवायला गेली.

शुक्रवारी कोतवालाने दवंडी दिली. "तळ्यातली माती कुनी काडायची न्हाई होऽऽ. कुनाची हरकत आसंल त्यानं सोमवारी सकाळी चावडीवर यावं होऽऽ." आमच्या दारासमोर तो नेहमी थांबून एखादा शब्द बोलायचा. त्या दिवशी थांबला नाही.

थोड्या वेळाने कुंभारीण आली. पायरीवर बसली नाही, अंगणातच उभी राहिली.

"आक्का, तुमीच अनुमोदन दिलं म्हनं."

"म्या? कशाला?"

"मंगळवारच्या बैठकीत, तळं भट्टीवाल्याला द्यायला. सेक्रेटरी मालकास्नी म्हनला, तुमचीच आक्का म्हनली द्या म्हनून."

काकूने माझ्याकडे वळून पाहिलं. "अनुमोदन म्हंजी काय गं?"

"एकाने मांडलेलं दुसऱ्याने बरोबर आहे म्हणणं," मी म्हणाले. एवढंच सांगितलं.

काकू खाली बसली. कुंभारीण आवाज न चढवता बोलत होती, आणि ते ऐकणं जास्त जड जात होतं. "वढ्यातली माती आमी बगितली, आक्का. भाजताना तडकती. त्याच मातीवर आमचं घर हाय. न्हाईतर मग तिकडं चिंचवडाला कारखान्यांची कामं निघाल्यात, थितं जाऊन इटा वाहायच्या. आमच्याच तळ्यातल्या मातीच्या इटा." ती जायला वळली. "तुमी सांगितलेली केळी न्हाई व्हायची आता. दुसरीकडं बगा."

ती गेल्यावर काकूने बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, "मंगळवारी तर आपन मोशीला हुतो."

"हो."

"मग त्येनं माजं नाव कसं घातलं?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

शनिवार, रविवार काकू कामापुरतं बोलली. रविवारी सरपंचांची सून काहीतरी निमित्त काढून आली आणि जाता जाता म्हणाली, मामंजी म्हनत्यात, वैनींनी चावडीवर येन्याचा तरास घिऊ नये. काकू म्हणाली, "तरास कसला. चार पावलं तर हाय." त्यावर सून हसली, पण घाईने गेली.

सोमवारी सकाळी काकूने धुवट लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल." मी नाही म्हणू शकले असते. चावडीपर्यंतच्या वाटेवर मी तेच जुळवत होते, नाही कसं म्हणायचं ते.

चावडीत एकच खुर्ची होती, तिच्यावर ठेकेदार बसला होता. पंच सतरंजीवर. बायका बाहेर भिंतीच्या सावलीत. कुंभार खांबाला टेकून उभा होता, पागोटं काखेत धरून. काकू दारातच बसली, आत नाही आणि बाहेरही नाही. मी तिच्या मागे.

"वैनी आल्या. आज चावडी उजळली म्हनायची," सरपंच म्हणाले. चारजण हसले.

सरपंच वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायला हवं. गावातली मुलं मारुतीच्या देवळात बसून शिकत होती, पूजेला कुणी आलं की पाटीवरचं अर्धं सोडून उठत होती. ठेकेदार मातीच्या बदल्यात शाळेच्या दोन खोल्यांच्या विटा देणार होता. सरपंचांनी ते सगळ्यांना समजावून सांगितलं, कुंभाराकडे बघूनच सांगितलं. "तुजी नातवंडं बी त्याच शाळंत बसतील." कुंभाराने पागोटं दुसऱ्या काखेत घेतलं. मलाही क्षणभर वाटलं, खोल्या झाल्या तर काय वाईट.

मग काकू बोलली. "मंगळवारी मी हितं नव्हते, भावजी. मोशीला लग्नात हुते. मी कशाला बी अनुमोदन दिल्यालं न्हाई."

"मंग अंगठा काय मोशीवरनं उडत आला?" मागून कुणीतरी म्हणालं. हसण्याची लाट आली. काकूने पदर पुढे ओढला, पण उठली नाही.

सरपंचांनी हात वर करून हसणं थांबवलं. "वैनी, अंगठा तुमचा हाय का न्हाई?"

"माजाच हाय."

"मंग?"

पंचांत एक म्हातारे होते. ते म्हणाले, "आवो, अंगठा आसू दे. वाचून दावलं व्हतं का? न वाचता घेतला आसंल तर ठराव पुन्यांदा घ्या. बाईमानसाचं नाव असं घालायचं न्हाई."

ठेकेदाराने सरपंचांकडे पाहिलं.

"वाचून दाखवलं होतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "मंगळवारी नव्हत्या म्हणूनच घरी जाऊन सगळं वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, घाला माझं नाव. त्यांची पुतणी तिथंच होती. तिला विचारा."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ते इतके निर्धास्त होते की मला त्यांचा राग येण्याआधी स्वतःची लाज वाटली. तीन आठवड्यांत मी त्यांना निर्धास्त राहायलाच शिकवलं होतं.

सगळ्या माना वळल्या. बाहेरच्या बायका दारापाशी सरकल्या. कुंभारीण त्यांच्यात होती. काकूनेही मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. माझी पोर खरं सांगंल, एवढंच होतं, आणि तेच मला सहन होईना. कारण "नाही" एवढ्या एका शब्दात काम भागलं असतं. ठराव पुन्हा आला असता, काकू माझा हात धरून घरी गेली असती, आणि तिला कधीच कळलं नसतं की त्या दिवशी बशी ठेवताना मी काय पाहिलं होतं.

"बोल की, पोरी," सरपंच म्हणाले. "का इंग्रजीत सांगनार?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी उभी राहिले. दाराची चौकट धरली.

मी म्हणाले, "वाचून दाखवलं नाही. पण चहा ठेवताना मी स्वतः वाचलं होतं. काकूचं नाव खोटं घातलंय हे मला तिनं अंगठा द्यायच्या आधीच कळलं होतं. मी तिला थांबवलं नाही, आणि नंतर तिनं विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणाले."